टोकन नेमकं कुणाचं? प्रॉक्समॉक्सवरच्या व्हीएमला यूएसबी उपकरणं आणि डिस्क जोडताना

रिटर्नच्या हंगामातच मी हा उद्योग अंगावर घेतला, हीच पहिली चूक. ओळखीच्या एका सीए ऑफिसातले तीन म्हातारे पीसी काढले, एका बऱ्यापैकी मशीनवर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) टाकलं आणि त्यावर दोन विंडोज आणि एक लिनक्स अशा तीन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, उभ्या केल्या. सगळं झकास चाललं. मग साहेबांनी खिशातून डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन काढलं, मशीनच्या पुढच्या पोर्टला खोचलं आणि विचारलं, "हं, आता सही कुठून करायची?"

पुढचा दीड दिवस त्या एका प्रश्नात गेला. टोकन होस्टला दिसत होतं, व्हीएमच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही दिसत होतं, पण सही करणारं सॉफ्टवेअर मात्र म्हणत होतं की टोकनच नाही. कारण निघालं भलतंच. ते पायरी ५ मध्ये सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ती मला उशिरा समजली.

सातबाऱ्यावर दहा नावं असू शकतात, यूएसबीच्या उपकरणावर एका वेळी एकच. दावेदार मात्र तीन असतात: होस्ट, म्हणजे ज्यावर प्रॉक्समॉक्स चालतं ते मशीन, त्याच्या पोटातली व्हीएम, आणि ज्या लॅपटॉपवरून तुम्ही ती व्हीएम बघताय तो लॅपटॉप. उपकरण चालत नसेल तर ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी विचारा, आत्ता हे कुणाच्या ताब्यात आहे?

हाताशी काय हवं

- चालू स्थितीतलं प्रॉक्समॉक्स, शक्यतो ८ किंवा त्यापुढची आवृत्ती. वेब पान ८००६ पोर्टवर उघडतं. रूटचा पासवर्ड लागेल.
- होस्टला थेट जोडता येईल असा मॉनिटर आणि कीबोर्ड. रोज लागत नाही, पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरा इलाज नसतो.
- व्हीएमचा ताजा बॅकअप.
- उपकरणाचा विंडोज ड्रायव्हर, आधीच उतरवून ठेवलेला.
- स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब आणि हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल.
- चिकटपट्टी आणि मार्कर. हसू नका, पायरी ३ मध्ये लागणार आहेत.

लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत, प्रत्येक शब्द सलग लिहायचा.

पायरी १: ते आत जायलाच हवं का?

नवखा माणूस जे जे यूएसबीचं दिसेल ते व्हीएमला देऊन टाकतो. मीही तेच केलं होतं. खरं तर निम्म्या वस्तूंना आत जायची गरजच नसते.

पेनड्राइव्हवरच्या चार फाइली व्हीएममध्ये हव्या असतील तर नेटवर्क शेअर वापरा. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर तो नेटवर्कवरच ठेवा, म्हणजे तिन्ही व्हीएम वापरू शकतील. बॅकअपची डिस्क होस्टकडेच बरी.

यूपीएसची यूएसबी केबल तर कधीच व्हीएमला देऊ नका. वीज गेल्यावर बॅटरी संपत आल्याचा निरोप होस्टला मिळाला पाहिजे, कारण सगळ्या व्हीएम नीट बंद करून शेवटी स्वतः झोपायचं काम त्याचं आहे. निरोप व्हीएमला गेला तर ती शहाण्यासारखी बंद होईल आणि होस्ट अंधारात धाडकन पडेल. भारनियमनाच्या गावात हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. होस्टवर 'नट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की काम होतं.

मग आत काय जावं? लायसन्सचे डोंगल (जे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), वजनकाटा किंवा जुन्या यंत्राची सीरियल केबल, होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचा झिग्बी डोंगल (दिवे-सेन्सरशी रेडिओने बोलणारा) आणि काही परिस्थितीत डीएससी टोकन. वेबकॅम आणि साउंडकार्ड यांना वेळेवर अखंड डेटा लागतो, त्यामुळे साध्या पासथ्रूने, म्हणजे उपकरण होस्टमधून थेट व्हीएमच्या हवाली केल्याने, आवाज तुटतो, चित्र अडखळतं. त्यांचा मार्ग पायरी ८ मध्ये.

पायरी २: ओळख पटवा

वेब पानावर डावीकडे तुमच्या नोडवर, म्हणजे होस्टच्या नावावर, क्लिक करा, 'शेल' ही आज्ञा टाइप करायची खिडकी उघडा आणि 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एक ओळ येईल. तिच्यात चार-चार अक्षरांचे दोन आकडे मध्ये अपूर्णविराम घालून दिलेले असतात. पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. उदाहरणार्थ ०४०३:६००१ म्हणजे एफटीडीआयची सीरियल चिप, ०७८१:५५६७ म्हणजे सॅनडिस्कचा क्रूझर ब्लेड पेनड्राइव्ह. नावावर फार विसंबू नका. पुष्कळ स्वस्त उपकरणांची नावं चिप बनवणाऱ्याची असतात, डबीवरच्या कंपनीची नव्हे. उपकरण काढा, आज्ञा द्या, परत खोचा, पुन्हा आज्ञा द्या. जी ओळ नव्याने उगवली ती तुमची.

त्याच आज्ञेला पुढे 'उणे टी' जोडलं की झाड दिसतं: कोणत्या बसवर, कोणत्या पोर्टला, किती वेगाने. यूएसबी ३ ची डिस्क इथे ५०००एम ऐवजी ४८०एम दाखवत असेल तर ती २.० च्या वेगाने चालतेय. बहुतेकदा दोष पोर्टचा किंवा केबलचा असतो. २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे २०० जीबीच्या बॅकअपला साधारण दीड-दोन तास. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर तीच डिस्क स्वतःच्या पूर्ण वेगाने धावते.

पायरी ३: जोडणी

व्हीएम निवडा, 'हार्डवेअर', मग 'अ‍ॅड', मग 'यूएसबी डिव्हाइस'. इथे येणाऱ्या पर्यायांपैकी तीन कामाचे आहेत, आणि नेमका कोणता घ्यायचा इथेच लोक गोंधळतात.

*उपकरणाच्या आकड्यावरून:* कंपनी आणि मॉडेलचा आकडा धरून. उपकरण कोणत्याही पोर्टला खोचलं तरी ते याच व्हीएमला मिळतं. एकच डोंगल असेल तर हाच पर्याय उत्तम.

*पोर्टवरून:* अमुक भोकात जे येईल ते या व्हीएमचं. एकाच मॉडेलची दोन उपकरणं असली की हाच पर्याय घ्यावा लागतो. आमच्या ऑफिसात दोन भागीदारांची टोकन एकाच कंपनीची निघाली, आकडे तंतोतंत सारखे. आकड्यावरून दिलं असतं तर कोणतं टोकन कुठे गेलं याचा पत्ता लागला नसता. आता चिकटपट्टी काढा आणि त्या पोर्टवर व्हीएमचं नाव लिहा. नाहीतर कुणीतरी मोबाइल चार्जिंगला तिथेच लावेल आणि तो फोन थेट विंडोजच्या आत जाऊन बसेल. आमच्याकडे हे दुसऱ्याच दिवशी झालं.

*स्पाइस पोर्ट:* उपकरण होस्टला नाही, तुमच्या समोरच्या लॅपटॉपला लावलेलं असतं आणि ते व्हर्ट-व्ह्यूअर या प्रोग्रॅममधून व्हीएमकडे पाठवता येतं. त्यासाठी व्हीएमचा डिस्प्ले स्पाइसवर (व्हीएमचा पडदा लांबून दाखवायची एक पद्धत) ठेवावा लागतो. कधीतरी एखादा पेनड्राइव्ह आत न्यायला छान, रोजच्या कामाला कंटाळवाणं.

'यूज यूएसबी ३' ही खूण राहू द्या. अपवाद विंडोज ७ चा: त्याच्यात एक्सएचसीआयचा, म्हणजे यूएसबी ३ च्या कंट्रोलरचा, ड्रायव्हर मुळात नसतो, विंडोज ८ पासून पुढे असतो.

जोडल्यावर ती ओळ लाल-नारिंगी रंगात दिसली तर बदल अजून अमलात आलेला नाही. इथे एक खास सापळा आहे. विंडोजच्या आतून रीस्टार्ट केल्याने हा बदल लागू होत नाही. आतून रीस्टार्ट म्हणजे त्याच जुन्या खोक्यात पुन्हा डोळे उघडणं. प्रॉक्समॉक्सच्या पानावरून 'शटडाउन' करून मग 'स्टार्ट' करा, किंवा तिथलंच 'रीबूट' दाबा.

नव्या विंडोज आणि लिनक्स व्हीएमला अशी १४ पर्यंत उपकरणं देता येतात, जुन्यांना ५. व्हीएम सुरू होताना उपकरण जागेवर नसलं तरी ती सुरू होते आणि खोचल्यावर ते आत येतं. एकच उपकरण दोन चालू व्हीएमना मात्र देऊ नका.

पायरी ४: आतून तपासणी

व्हीएममध्ये विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह असलेलं अनोळखी उपकरण दिसलं तर खूश व्हा. पासथ्रू झालेलं आहे, फक्त ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. काहीच दिसत नसेल तरच मागे फिरून पायरी ३ तपासा. व्हीएममध्ये लिनक्स असेल तर आतही 'एलएसयूएसबी' द्यायची.

पायरी ५: आरडीपीचा चकवा

आता ते दीड दिवसाचं कोडं.

डीएससी टोकन दिसायला पेनड्राइव्हसारखं असलं तरी विंडोजच्या लेखी ते बहुधा स्मार्टकार्ड असतं. सहीची खासगी किल्ली त्याच्या आतच राहते, कॉपी होऊन बाहेर येत नाही. आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आरडीपीने, तुम्ही विंडोजमध्ये शिरलात की विंडोज असं धरून चालतं की कार्ड तुमच्याजवळ, तुमच्या लॅपटॉपला लावलेलं असणार. म्हणून त्या सेशनमधल्या प्रोग्रॅमना ते फक्त लॅपटॉपकडची कार्डं दाखवतं. व्हीएमला लावलेलं टोकन डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत राहतं, पण सहीच्या सॉफ्टवेअरपुरतं ते अदृश्य.

मी हे शोधलं ते अपघाताने. वैतागून प्रॉक्समॉक्सच्या 'कन्सोल'मधून लॉगिन केलं आणि टोकन समोर हजर.

यातून दोन वाटा निघतात. टोकन व्हीएमलाच ठेवायचं असेल तर सही करताना आरडीपी सोडून प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून शिरा. किंवा, मला हेच जास्त पटतं, पासथ्रू काढूनच टाका. टोकन साहेबांच्या लॅपटॉपला लावा, रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस', मग 'मोअर' इथे स्मार्टकार्डची खूण करा आणि टोकनचं सॉफ्टवेअर व्हीएममध्येही टाका. टोकन मालकाच्या खिशात राहतं आणि सही व्हीएममध्ये होते.

हे पटण्याचं कारण तांत्रिक नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार ही सही कागदावरच्या सहीइतकीच ग्राह्य असते. टोकन कपाटातल्या सर्व्हरला वर्षभर खोचून ठेवलं आणि पिन ऑफिसातल्या चौघांना ठाऊक असला, तर सही साहेबांची आणि हात कुणाचाही. शिवाय चुकीचा पिन वारंवार टाकला तर टोकन लॉक होतं, तेही नेमकं शेवटच्या तारखेला.

लायसन्सच्या डोंगलचा प्रकार थोडा वेगळा. तो स्मार्टकार्ड नसेल तर आरडीपीतून दिसतो, पण काही सॉफ्टवेअर आरडीपी सेशन ओळखून मुद्दाम नकार देतात. तिथे लायसन्सच्या अटी वाचणं आलं.

पायरी ६: बॅकअपची डिस्क होस्टला

ही पायरी घाईत उरकू नका. माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे.

डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही आणि व्हीएमचा बॅकअप सहज त्याहून मोठा असतो. फॉरमॅट करताना तिला लेबल द्या, समजा 'बॅकअप'. दोन डिस्क आलटून-पालटून वापरणार असाल (वापराच, एक घरी, एक ऑफिसात) तर दोघींना तेच लेबल द्या आणि एका वेळी एकच जोडा. मग होस्टच्या एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) लेबलवरूनच माउंट करायची, म्हणजे डिस्क ठरलेल्या फोल्डरला जोडायची, ओळ लिहा. एसडीबी, एसडीसी अशी नावं वापरू नका, ती जोडण्याच्या क्रमानुसार बदलतात.

त्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय हवाच. तो नसला आणि डिस्क जागेवर नसताना मशीन सुरू झालं, तर होस्ट दीड मिनिट तिची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. व्हीएम नाहीत, वेब पान नाही. सुरुवातीच्या यादीतला मॉनिटर-कीबोर्ड यासाठी.

त्यानंतर 'डेटासेंटर', 'स्टोरेज', 'अ‍ॅड', 'डिरेक्टरी' असं जाऊन माउंट केलेला फोल्डर द्या आणि मजकुराच्या प्रकारात फक्त बॅकअप निवडा. इथेच थांबलात तर माझ्यासारखी फजिती होईल. एका शुक्रवारी कुणीतरी डिस्क काढली. फोल्डर मात्र होस्टवर रिकामा पडलेला होताच. प्रॉक्समॉक्सला तो फोल्डर दिसला, त्याने रात्री निमूट त्यातच बॅकअप ओतला, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर. सोमवारी होस्टची रूट डिस्क शंभर टक्के भरलेली, वेब पानावर लॉगिनसुद्धा होईना.

उपाय एका ओळीचा आहे. शेलमध्ये 'पीव्हीईएसएम सेट', पुढे स्टोरेजचं नाव, मग दोन उण्या चिन्हांनंतर 'इज_माउंटपॉइंट' आणि 'येस'. आता डिस्क खरोखर माउंट असेल तरच प्रॉक्समॉक्स तिथे लिहील. नसेल तर बॅकअप फसल्याचा इशारा देईल, आणि फसलेला बॅकअप कळणं हे भलतीकडे झालेल्या बॅकअपपेक्षा कधीही बरं.

डिस्क काढण्याआधी 'यूमाउंट', नवी लावल्यावर 'माउंट उणे ए'. अधूनमधून एखादा बॅकअप वेगळ्या व्हीएम क्रमांकाने रिस्टोअर करून बघा.

पायरी ७: डिस्क व्हीएममध्येच हवी असेल तर

समजा, ओपनमीडियाव्हॉल्टसारखं फाइली नेटवर्कवर वाटणारं काही व्हीएममध्ये चालवून तीच डिस्क घरभर वाटायची आहे. पायरी ३ प्रमाणे यूएसबी उपकरण म्हणून देता येते, मग काढणं-घालणं सोपं राहतं. कायमची असेल तर पूर्ण डिस्कच एससीएसआय डिस्क म्हणून द्या: 'क्यूएम सेट', व्हीएमचा क्रमांक, एससीएसआय१ ची जागा आणि 'डेव्ह' खालच्या 'डिस्क', 'बाय-आयडी' फोल्डरमधलं त्या डिस्कचं लांबलचक नाव. त्या नावात डिस्कचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे पोर्ट बदलला तरी गडबड होत नाही.

दोन इशारे. अशी दिलेली डिस्क व्हीएमच्या बॅकअपमध्येही मोजली जाते. हार्डवेअरमध्ये तिच्या ओळीवर जाऊन 'बॅकअप'ची खूण काढा, नाहीतर ४ टीबीच्या डिस्कचा बॅकअप रात्रभर चालेल. आणि तीच डिस्क होस्टवर माउंट असताना व्हीएमला देऊ नका. दोघे एकाच वेळी लिहायला लागले की फाइलसिस्टीमचा चुराडा होतो, आणि तो लगेच कळत नाही, आठवड्याने कळतो.

पायरी ८: अख्खा कंट्रोलर देणं

साउंडकार्ड, वेबकॅम किंवा चालता-चालता स्वतःला रीसेट करून नव्या रूपात उगवणारी उपकरणं, यांच्यासाठी एकेक उपकरण न देता यूएसबीचा पूर्ण कंट्रोलरच, म्हणजे अनेक पोर्ट चालवणारी चिप, पीसीआय पासथ्रूने देतात. बायोसमध्ये इंटेलसाठी व्हीटी-डी किंवा एएमडीसाठी आयओएमएमयू चालू हवं.

मदरबोर्डवरचा कंट्रोलर देताना जपा. होस्टचा कीबोर्ड त्याच्यावर असू शकतो. एकाच आयओएमएमयू गटात (ज्यातली उपकरणं वेगवेगळी करून देता येत नाहीत) नेटवर्क कार्डही असेल तर व्हीएम सुरू करताच होस्ट नेटवर्कवरून नाहीसा. माझं मत, पीसीआय एक्सप्रेसचं वेगळं यूएसबी कार्ड घ्या आणि तेच द्या. आणखी एक गोष्ट: पीसीआय पासथ्रू असलेली व्हीएम तिची सगळी रॅम सुरुवातीलाच अडवून ठेवते, बलूनिंगचा, म्हणजे न वापरलेली रॅम होस्टला परत घेऊ देण्याचा, उपयोग होत नाही. १६ जीबीच्या मशीनवर हे जाणवतं.

पायरी ९: मधेच गायब होत असेल तर

आधी वीज. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३ चा ९००. केबलवरच चालणारी फिरती डिस्क सुरू होताना यापेक्षा जास्त ओढू शकते. 'टक् टक्' करून परत जोडली जाणारी डिस्क अ‍ॅडॅप्टरवाल्या हबवर लावा.

मग रेडिओ. झिग्बी २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी ३ चे पोर्ट आणि केबली त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. डोंगल एक्स्टेन्शन केबलने मशीनपासून हातभर लांब आणि २.० च्या पोर्टला लावा. दिवे-सेन्सर हरवायचे बंद होतात.

डिस्कची डबी (एन्क्लोजर) मोठ्या कॉपीच्या मध्यावर अडकत असेल आणि 'डीमेस्ग' या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत यूएएसच्या, म्हणजे यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायच्या पद्धतीच्या, चुका दिसत असतील, तर तेवढ्या डबीपुरता यूएएस बंद करता येतो: कर्नलला 'यूएसबी-स्टोरेज'चा 'क्वर्क्स' पर्याय देऊन त्यात तिचे दोन आकडे आणि शेवटी 'यू' लिहायचा. वेग थोडा कमी होतो, पण कॉपी पुरी होते.

एकापेक्षा जास्त होस्ट असतील तर लक्षात ठेवा, यूएसबी उपकरण धरून बसलेली व्हीएम चालू असताना दुसऱ्या होस्टवर हलवता येत नाही. प्रॉक्समॉक्स ८ पासून 'रिसोर्स मॅपिंग्ज'मध्ये उपकरणाला एक नाव देऊन कोणत्या होस्टवर ते कुठे आहे हे नोंदवता येतं. त्याने सेटिंग सोपं होतं, पण उपकरण स्वतः उडी मारून पलीकडे जात नाही.

ऑफिसातून निघण्याआधी होस्ट पूर्ण बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद, दोन मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. सगळ्या व्हीएम उठल्या का, डोंगल आपापल्या जागी दिसतो का, बॅकअपची डिस्क माउंट झाली का हे बघा. नवं कार्ड घातलं किंवा बायोस अपडेट केलं की बसचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून पोर्टवरून दिलेली उपकरणं तेव्हा पुन्हा तपासा. आमच्याकडे कोणत्या पोर्टला काय याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि मोबाइल चार्जिंगसाठी शेजारी एक वेगळा बोर्ड बसवला आहे.